‘भावना दुखावल्या’ : ‘देऊळ’ आणि प्रेक्षकाभिप्रायाचे व्याकरण

धर्मव्यवहाराची थट्टा करणारे नाटक रंगभूमीवर किंवा चित्रपट पडद्यावर आला, की प्रेक्षकांचे दोन तट पडतात, असे मानण्याचा प्रघात आहे. एक दुखावलेल्यांचा, दुसरा सुखावलेल्यांचा. पहिल्याला श्रद्धाळू म्हणावयाचे, दुसऱ्याला विवेकी, आणि मग समीक्षेने यांपैकी एकाची बाजू घ्यावयाची, एवढ्यावर चर्चा संपते. या दोन्ही तटांची वाक्ये शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर मात्र निराळेच चित्र दिसू लागते. श्रद्धा आणि अश्रद्धा यांत कितीही अंतर असो, दोन्ही पक्षांची वाक्यरचना पुष्कळदा एकच असते. प्रस्तुत टिपणात हा प्रश्न ‘देऊळ’ या मराठी चित्रपटाच्या संदर्भात विचारार्थ घेतला आहे.

उमेश विनायक कुलकर्णी यांनी दिग्दर्शित केलेला व गिरीश कुलकर्णी यांनी लिहिलेला हा चित्रपट नोव्हेंबर २०११ मध्ये प्रदर्शित झाला. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट कथाचित्राचा राष्ट्रीय पुरस्कार त्यास ‘ब्यारी’ या चित्रपटाबरोबर विभागून मिळाला. अभिनयाचा व संवादलेखनाचा असे दोन्ही पुरस्कार गिरीश कुलकर्णी यांना लाभले. कथा थोडक्यात सांगता येते. मंगरूळ गावातील केशा हा भोळा गुराखी आपली करडी नावाची गाय शोधीत हिंडतो, थकून झाडाखाली झोपतो आणि त्याला दत्ताचे दर्शन होते. गावातील विद्वान अण्णा त्याला सुचवितात, की हा अनुभव तुझा आहे, तो तुझ्याजवळच असू दे. पण गोष्ट फुटते. गावात दवाखाना व्हावा हा अण्णांचा विचार मागे पडतो आणि भाऊ गळंदे यांच्या राजकीय आश्रयाने दत्ताचे देऊळ उभे राहते. मग दुकाने, गाड्या, रांगा, प्रसाद आणि पैसा.

हे कथानक घटनांचे असले, तरी त्याचा विनोद मुख्यतः क्रियापदांचा आहे. आरंभी जे आहे ते ‘मला दत्त दिसला’ एवढेच. ‘दिसणे’ हे क्रियापद मराठी व्याकरणकारांना जुने कोडे आहे. तेथे पाहणारा चतुर्थीत जातो, तो काही करीत नाही, त्याला केवळ काही होते. भूक लागते, राग येतो, स्वप्न पडते, त्याच जातीचे हे ‘दिसणे’. अशा विधानास पुरावा मागता येत नाही आणि ते खोडूनही काढता येत नाही. ज्याला झाले त्याचे ते. अण्णांचा सल्ला व्याकरणदृष्ट्या अगदी अचूक आहे, तो यामुळेच.

हे वाक्य केशाच्या मुखातून निघून गावाच्या मुखी गेले, की त्यास ‘म्हणे’ चिकटते : ‘केशाला दत्त दिसला म्हणे.’ हा लहानसा शब्द मराठीचे मोठे धन आहे. बोलणारा त्याने आपली जबाबदारी बाजूला काढून ठेवतो आणि ऐकणाऱ्यास शंका घेण्याची मोकळीक देतो. वार्ताहराच्या हाती गेल्यावर ‘म्हणे’ गळतो, कारण बातमीस तो परवडत नाही. शेवटी देवस्थानाच्या भाषेत वाक्य असे होते : ‘दत्तमहाराजांनी दर्शन दिले.’ आता दत्त कर्ता झाला, एकवचनाचे आदरार्थी बहुवचन झाले, आणि ज्याला दिसले तो केशा वाक्यातून नाहीसाच झाला. पुढे देवळात त्याची जी अडगळ होते, ती या वाक्यात आधीच झालेली असते. ‘देऊळ’मधील उपहासाचे मर्म येथे आहे. देव आहे की नाही हा प्रश्न हा चित्रपट विचारीतच नाही. एका माणसाचा अनुभव सार्वजनिक विधान होताना त्यातून काय काय गळून पडते, एवढेच तो दाखवितो.

आता प्रेक्षकाकडे वळावयाचे. अशा कृतींविरुद्ध उच्चारले जाणारे ठरीव वाक्य म्हणजे ‘भावना दुखावल्या’. त्याची घडण पाहण्याजोगी आहे. ‘दुखावणे’ हे सकर्मकही आहे आणि अकर्मकही. ‘भावना’ हा कर्ता मानला, तर प्रयोग कर्तरी आणि अर्थ एवढाच, की भावनांना इजा झाली. कर्ता गाळलेला मानला, तर प्रयोग कर्मणी आणि अर्थ असा, की कोणी तरी भावनांना इजा केली. भूतकाळात दोन्ही ठिकाणी क्रियापदाचे रूप एकच येते. म्हणजे इजा झाली की केली, हे वाक्य सांगतच नाही. कायद्याचा सारा प्रश्न मात्र नेमका तेथेच असतो. १९२७ साली भारतीय दंडसंहितेत आलेल्या २९५-अ या कलमात, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्यायसंहितेच्या २९९व्या कलमात, बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतू ही अट आहे. रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली हे कलम वैध ठरविले, तेही याच अटीच्या आधारे. अनवधानाने किंवा निष्काळजीपणे झालेला अवमान त्यात बसत नाही. तक्रारीचे वाक्य ती अट पुरी झाल्याचा भास उत्पन्न करते आणि स्वतः मात्र ‘मला दिसले’ याच्या आश्रयास उभे राहते. दुखावले की नाही, हे दुखावलेल्यासच ठाऊक. त्यास पुरावा कोण मागणार?

याच ‘म्हणे’चा आणखी एक प्रवास आहे. ‘त्या पिक्चरात देवाची टिंगल केली आहे म्हणे’ हे वाक्य चित्रपट न पाहिलेला माणूस प्रामाणिकपणे बोलू शकतो. निवेदनाच्या कागदावर ते उतरते तेव्हा ‘म्हणे’ उरलेला नसतो. ही रीत केवळ आपल्याकडचीच नव्हे. १९७९ साली ‘लाइफ ऑफ ब्रायन’ या इंग्रजी विनोदी चित्रपटावर ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवर गाजलेला वाद झाला. माल्कम मगरिज व साउथवर्कचे बिशप यांनी मोठ्या अधिकारवाणीने चित्रपटाचा धिक्कार केला. सुरुवातीचा भाग त्यांच्या पाहण्यात आलाच नव्हता, हे मागाहून उघडकीस आले. ब्रायन आणि येशू ही दोन निराळी माणसे आहेत, हे त्या भागातच स्पष्ट होते. नॉर्वेत चित्रपटावर बंदी आली, तेव्हा ‘नॉर्वेत बंदी घालावी लागली इतका विनोदी’ अशी त्याची जाहिरात स्वीडनमध्ये झाली. तिकडे वाद निदान जाहिरातीत विरून गेला. महाराष्ट्रात सर्वदा तसे झालेले नाही. महाभारतातील पात्रांवर बेतलेल्या ‘आम्ही पाचपुते’ या विनोदी नाटकाच्या निमित्ताने ४ जून २००८ रोजी ठाण्याच्या गडकरी रंगायतनात स्फोट झाला, माणसे जखमी झाली, आणि २०११ साली दोघांना शिक्षा झाली. कर्ता गाळलेल्या वाक्याचे पर्यवसान कोठवर जाऊ शकते, हे ध्यानात घेतल्यावर व्याकरणाची ही चर्चा केवळ पंडिती राहत नाही.

न्यायालयांनी या बाबतीत प्रेक्षकाची एक कल्पना पुढे ठेवली आहे. तिचा उगम महाराष्ट्रातच, नागपूरच्या उच्च न्यायालयात आहे. १९४६ साली न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी म्हटले, की शब्दांचा परिणाम मोजताना विवेकी, खंबीर व धीट माणसाचे माप लावावे. दुर्बळ, चंचल मनाच्या माणसाचे लावू नये. १९८८ साली ‘तमस’ मालिकेच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने हेच माप उचलून धरले. माप उत्तमच आहे. पण असा धीट प्रेक्षक कोठून आणावयाचा, असा प्रश्न उभा राहिला की अभ्यासक पाश्चात्त्य उदारमतवादाकडे धाव घेतात. तो शोध पुण्यापासून थोड्या अंतरावर, मुळशीच्या खोऱ्यातही घेता येतो.

त्या बाजूच्या गावजत्रांचा क्रम परिचित आहे. दिवसा देवाची पालखी, रात्री तमाशा, सकाळी हजेरी, दुपारी कुस्त्यांचा फड. ज्या प्रेक्षकाने दिवसा पालखीस खांदा दिला, तोच रात्री गणगौळणीस बसतो. गणात गणपतीस वंदन होते आणि लगेच गौळणीत देवाधिदेव कृष्ण मथुरेच्या बाजारी निघालेल्या गौळणींची वाट अडवितो, पेंद्या त्याला नाही नाही ते ऐकवितो, आणि मावशीचे सोंग घेतलेला पुरुष देवाचा पाणउतारा करतो. कोणाच्याही भावना दुखावत नाहीत. दुखावतील अशी शंकाही कोणास येत नाही. या प्रेक्षकाजवळ शब्दच निराळे आहेत : थट्टा, चेष्टा, मस्करी, टिंगल, फार तर टवाळी. ‘विटंबना’ आणि ‘अवमान’ हे शब्द त्याच्या घरचे नव्हेत. ते निवेदनातून व न्यायालयातून आले. विठ्ठलास अरेतुरे करून भांडणारी जनाबाई, नाना सोंगांची भारुडे रचणारे एकनाथ, यांच्या परंपरेत देव हा थट्टा सोसणारा घरचा माणूस आहे. (‘भावना’ हा शब्द त्या परंपरेत नाही असे नव्हे. तो अनेकवचनी होऊन तक्रारीस बसला, ही मात्र अलीकडची गोष्ट.) ‘देऊळ’चे हसणे गौळणीच्या कुळातले आहे, गावाच्या आतले आहे. २०१४ च्या ‘पीके’शी ताडून पाहिले, तर हे सहज लक्षात येते. तेथील नायक परग्रहावरचा. त्याला भाषाही दुसऱ्याचा हात धरून घ्यावी लागते, आणि म्हणून त्याचे प्रश्न कितीही मार्मिक असले, तरी ते बाहेरच्याचे वाटतात. केशाला मात्र देव हवा आहे.

येथवर विवेकी प्रेक्षकास आनंद वाटावा. परंतु त्याच्या अभिप्रायाचेही पृथक्करण व्हावयास हवे. ‘देऊळ’विषयी सर्वांत अधिक ऐकू येणारी स्तुती अशी, की चित्रपट देवावर नाही, देवाच्या धंद्यावर आहे, ‘देवाचा बाजार मांडलाय’ हे त्याने दाखवून दिले. हे वाक्यही तपासावे. ‘मांडणे’ केवळ सकर्मक आहे, तेथे ‘दुखावणे’सारखी संदिग्धता नाही. बाजार आपोआप मांडला जात नाही, मांडणारा असतोच. तरीही वाक्यात तो नाही. दुखावलेल्याच्या वाक्यात कर्ता संशयित होता. सुखावलेल्याच्या वाक्यात तो निश्चित आहे आणि तरी गाळलेला आहे. दोहोंत हे दुसरे मौन अधिक खोल म्हणावे लागते.

मुळशीसारख्या तालुक्यात त्याचा अर्थ उघड होतो. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तेथील शेतकरी टाटांच्या धरणाविरुद्ध लढले आणि जमीन पाण्याखाली गेली. पुढे हिंजवडी, पिरंगुट, लवासा या नावांनी ती पैशाखाली गेली. विकल्या गेलेल्या जमिनीची ही कहाणी ‘मुळशी पॅटर्न’ने २०१८ साली पडद्यावर आणली. जेथे जमिनीचा पैसा येतो तेथे जीर्णोद्धार, कमानी व सभामंडप यांस उधाण येते, हे पुण्याच्या आसपास डोळे उघडे ठेवून हिंडणाऱ्यास सांगावयास नको. त्या मंडपांच्या वर्गणीदारांत ‘बाजार मांडलाय’ असे म्हणणारा प्रेक्षकही असू शकतो, आणि ते म्हणताना तो खोटे बोलत नसतो. त्याला मंगरूळ दिसते, स्वतःचे गाव दिसत नाही. ‘आम्ही बाजार मांडला’ हे वाक्य व्याकरणात बसते. अभिप्रायांत सापडत नाही.

याचा काही दोष चित्रपटाकडेही जातो. अण्णांच्या पात्राने लेखकाने प्रेक्षकास बसण्यासाठी एक सोयीची जागा करून दिली आहे. दिलीप प्रभावळकर यांनी ते संयमाने उभे केले असले, तरी अण्णा नेहमी बरोबर असतात, आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या प्रेक्षकास आपणही बरोबर असल्याचा सुखद भ्रम होतो. उत्तरार्धातील बाजाराची दृश्ये लांबली आहेत, त्यांतून हा भ्रम पोसला जातो. नाना पाटेकरांचा भाऊ मात्र या सोयीतून निसटतो. तो ढोंगी नाही. देवळाने गावाचे भले होईल असे त्याला खरेच वाटते, दवाखान्याने झाले असते तसेच. त्याच्याकडे पाहून हसताना प्रेक्षक क्षणभर अवघडतो, आणि चित्रपटाचे खरे बळ त्या अवघडण्यात आहे. अभिप्रायांत भाऊविषयी लोक ‘अभिनय उत्तम’ एवढेच म्हणून पुढे जातात, हे त्या दृष्टीने बोलके आहे.

शेवटाबद्दल ‘पटला नाही’ अशी कुरकुर होते, तीही याच अंगाने पाहावी. केशा मूर्ती उचलतो आणि नदीकडे नेतो. देवळाचा व्यवहार त्याने थांबत नाही. परिणामाच्या हिशेबी हे कृत्य व्यर्थच म्हणावयाचे. पण ज्याला आरंभी केवळ ‘दिसले’ होते, जो मधल्या साऱ्या गदारोळात वाक्याबाहेर राहिला होता, तो या ठिकाणी प्रथमच तृतीया विभक्तीत येतो : केशाने मूर्ती नेली.