धोटा, कोळसा, खेकडे

खाणीच्या छताला लाकडाचा टेकू द्यायचा तर तेवढा वेळ कुदळ थांबते. कुदळ थांबली की कोळशाची गाडी भरायची राहते, आणि मजुरी मिळते ती गाडीमागे. म्हणून माहू आणि त्याचे सोबती टेकू कसेबसे ठोकतात नि परत कोळशाला भिडतात. इंजिनिअर फेरीला येतो, टेकू कच्चे म्हणून दंड लावतो. मग कंपनीचा नवा नियम निघतो: टेकूंची मजुरी वेगळी मिळेल, मात्र गाडीमागचा दर ५० सांतीमवरून ४० वर येईल. यात कुणाचंच नुकसान नाही, असं वर सांगितलंही जातं. कामगार हिशेब करून बघतात. हिशेब तुटीचा निघतो.

एमिल झोलाच्या 'जर्मिनाल'मधला संप पेटतो तो या १० सांतीमवरून. कादंबरी १८८५ सालची. तिच्यातले राजकीय वाद, सभा, अराजकवाद्यांच्या चर्चा आज वाचताना मधूनमधून नेट लावावा लागतो. टेकूचा हिशेब मात्र काल लिहिल्यासारखा वाटतो. सुरक्षेला लागणारा वेळ कामगाराच्या मजुरीतून कापायचा आणि अपघात झाला की त्यालाच निष्काळजी ठरवायचं, ही रीत आजही कुठल्याही बांधकामावर, ठेकेदाराच्या कुठल्याही शेडमध्ये दिसते. कादंबरीत छत खचतं आणि माहूच्या ११ वर्षांच्या पोराचे पाय मोडतात.

कामगारांच्या हालअपेष्टांवर लिहिलेल्या गाजलेल्या कादंबऱ्या पुन्हा वाचताना माझं मत पक्कं होत गेलं आहे. या कादंबऱ्यांना दीर्घायुष्य दिलं ते त्यांच्यातल्या कामाच्या तपशिलानं. हात कसा चालतो, पगार कसा मोजतात, कापतात कसा, पाळी संपल्यावर अंगात काय उरतं, हे जिथं लेखकानं नीट पाहिलं तिथं कादंबरी जिवंत आहे. जिथं तो निष्कर्ष सांगायला बसला तिथं ती थकली आहे. आणि हाच तपशील मराठी कादंबरीत मला फार कमी सापडतो, ही माझी तक्रार आहे.

झोला १८८४ च्या फेब्रुवारीत उत्तर फ्रान्समधल्या आंझँला गेला, तेव्हा तिथं खाणकामगारांचा संप चालू होता. तो खाणीत उतरला, कामगारांच्या घरांत गेला, टिपणं काढली. त्या टिपणांमुळेच त्याला माहूची बायको सापडली असावी. सात मुलं, उधारी बंद केलेला दुकानदार, रिकामं कपाट. आता घरातलं कुणी पुन्हा खाणीत उतरलं तर त्याचा गळा दाबीन, असं म्हणणारी ही बाई. नवरा सैनिकांच्या गोळीनं जातो, एक मुलगी उपासमारीनं, एक मुलगा स्फोटात, थोरली मुलगी पाण्यानं भरलेल्या खाणीत. शेवटी चाळिशीतली ती स्वतः खाली उतरते आणि ३० सू रोजावर दिवसभर पंखा फिरवत बसते. झोला इथं शोक करत बसत नाही, नुसता रोज सांगतो. तो रोज वाचून घसा दाटतो. १९०२ मध्ये झोला वारला तेव्हा त्याच्या अंत्ययात्रेत खाणकामगार कादंबरीच्या नावाचा घोष करत चालले होते. पुढे चारच वर्षांनी, १० मार्च १९०६ रोजी, त्याच कोळसापट्ट्यातल्या कूरिएरच्या खाणीत स्फोट झाला आणि १,०९९ माणसं मेली.

१९०६ हेच अप्टन सिंक्लेअरच्या 'द जंगल'चंही साल. सिंक्लेअरनं शिकागोच्या कत्तलखान्यांच्या वस्तीत सुमारे सात आठवडे काढले होते. लिथुआनियाहून आलेला धट्टाकट्टा युर्गिस, त्याची नवी नवरी ओना, हप्त्यावर घेतलेलं घर आणि करारात दडलेलं व्याज. या कादंबरीतला एक नियम मला विसरता येत नाही. एक मिनिट उशीर झाला तर तासाचा पगार कापायचा. उलट कामगारानं ५० मिनिटं राबून काम संपलं, तास पुरा भरला नाही, तर त्या ५० मिनिटांचं काहीच द्यायचं नाही. जनावरं येईपर्यंत थंडीत ताटकळायचं तेही फुकट. हॉटेलाबाहेर मोटरसायकल लावून, मोबाइलकडे डोळे लावून ऑर्डरची वाट बघणारी पोरं आपण रोज बघतो. त्यांच्या वाट बघण्याचे पैसे कुणी देत नाही. हे वेतनशास्त्र सिंक्लेअरनं १२० वर्षांपूर्वी मांडून ठेवलं आहे.

पण वाचकांनी त्यातून काय उचललं? मांसात काय काय मिसळतं ते. ३० जून १९०६ रोजी अमेरिकेत मांसतपासणीचा आणि शुद्ध अन्नाचा असे दोन कायदे झाले. जेवणाऱ्याच्या ताटाची सोय झाली, राबणाऱ्याच्या तासांना आणि पगाराला त्यांनी हात लावला नाही. आपण लोकांच्या काळजावर नेम धरला आणि लागला तो पोटाला, अशा अर्थाचं सिंक्लेअर स्वतःच म्हणाला होता. मला यात लेखकाचाही थोडा दोष दिसतो. युर्गिसची माणसं एकेक करून संपल्यावर शेवटची प्रकरणं समाजवादावरच्या व्याख्यानांना दिली आहेत, आणि त्या गर्दीत युर्गिस दिसेनासा होतो. ज्याच्या हातापायांवर कादंबरी उभी होती तोच श्रोत्यांत जाऊन बसला, मग वाचकाच्या मनात मांसाचा वासच मागे राहणार.

डिकन्सचं 'हार्ड टाइम्स' (१८५४) मी इथं थोडक्यात आटोपतो. त्यातलं धुरकट गाव अजरामर आहे, पण गिरणीच्या आत डिकन्स फारसा जात नाही. यंत्रात सापडून एका लहान मुलीचा हात तुटल्याचा उल्लेख त्यानं लिहिला होता आणि छापण्याआधी काढून टाकला. तो राहिला असता तर स्टीफन ब्लॅकपूल या गिरणी कामगाराच्या सोशिकपणाला वेगळं वजन आलं असतं.

जपानच्या कोबायाशी ताकिजीकडे मात्र थांबावंच लागतं. ओतारूतल्या बँकेत कारकुनी करणाऱ्या या तरुणानं १९२९ मध्ये 'कानिकोसेन' लिहिली. कामचात्काजवळच्या गोठवणाऱ्या समुद्रात खेकडे पकडून जहाजावरच डबाबंद करणाऱ्या मजुरांची ही गोष्ट आहे. लहानशी कादंबरी. हिला नायक नाही. मजुरांना बहुतेक नावंच नाहीत, नाव आहे ते मुकादमाला, आसाकावाला. शेजारचं जहाज बुडताना मदतीची हाक देतं. सव्वाचारशे माणसं आहेत त्यावर. कॅप्टन वळायला निघतो आणि आसाकावा त्याला अडवतो, कारण कामाचा खाडा होईल.

पण कोबायाशीची खरी नजर दिसते ती पुढच्या मुद्द्यावर. हे जहाज म्हणजे तरंगता कारखाना, म्हणून त्याला जहाजांचा कायदा लागू नाही. आणि ते समुद्रात, म्हणून कारखान्यांचा कायदाही लागू नाही. दोन कायद्यांमधल्या या फटीत शेकडो माणसं राबतात, मार खातात, मरतात. क्रौर्याची वर्णनं पुष्कळांनी केली. क्रौर्याला जागा कशी करून दिली जाते हे इतक्या नेमकेपणानं सांगणारा दुसरा कादंबरीकार माझ्या वाचनात नाही. आज ऑर्डर पोचवणाऱ्या ज्या पोराला 'पार्टनर' म्हणतात, ज्याला कामगार म्हटलं तर कायदा लागू होईल म्हणून कामगार म्हणतच नाहीत, तो याच जहाजावर आहे. तीस-तीस वर्षं एकाच गेटातून आत जाणारा आणि कागदावर ठेकेदाराचा असलेला सफाई कामगारही याच जहाजावर.

मजूर संप करतात, तेव्हा आरमाराची नौका येते. आपलं आरमार आपल्या बाजूनं आलं या भाबड्या आनंदात असताना नौसैनिक त्यांच्या म्होरक्यांनाच पकडून नेतात. लेखकाचंही तसंच झालं. २० फेब्रुवारी १९३३ रोजी पोलिसांनी कोबायाशीला पकडलं आणि त्याच दिवशी छळ करून मारलं. वय २९. पुढे ७५ वर्षांनी, २००८ मध्ये, या कादंबरीच्या जपानमध्ये लाखो प्रती अचानक खपल्या. घेणारे बरेचसे तरुण होते, कायम नोकरी न मिळालेले, एजन्सीमार्फत आज या कारखान्यात तर उद्या त्या गोदामात जाणारे. त्यांच्यापैकी कुणीही खेकडा सोलला नसेल. पण आपण कुणाचे नोकर आहोत हे सांगता न येणं म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक होतं.

आता आपल्याकडे.

मुंबईच्या गिरणीचं एक दमदार चित्र इंग्रजीत आहे, मुल्कराज आनंद यांच्या 'कुली'त (१९३६). कांग्र्याच्या डोंगरातला मुन्नू गिरणीत येतो. पगारातून फोरमनचं कमिशन कापलं जातं, खोलीचं भाडंही त्यालाच. पुढे संपाची सभा ऐन रंगात असताना मुलं पळवल्याची आवई उठते आणि बघता बघता कामगार हिंदू नि मुसलमान होऊन एकमेकांवर धावतात. ही कल्पना नव्हे. १९२९ च्या फेब्रुवारीत मुंबईत अशाच अफवेवरून दंगल पेटली होती, आणि आदल्याच वर्षी सगळ्या कामगारांनी मिळून सुमारे सहा महिन्यांचा संप केला होता.

मराठीत मामा वरेरकरांनी 'धावता धोटा' १९३३ मध्ये लिहिली. मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात रमलेली कादंबरी त्यांनी गिरणगावात नेली, हे त्यांचं ऋण मोठं आहे. शीर्षकात धोटा आहे, मला तो धोटा हातात घेऊन बघायचा असतो. त्या काळी धोट्यात नवी कांडी घातली की साचेवाला धोट्याच्या भोकाला तोंड लावून सूत ओढून काढायचा. दिवसातून कितीदा तरी. दुसऱ्यानं उष्टावलेला धोटा तोंडाला लावायचा म्हणून सवर्ण कामगारांनी दलितांना कापडखात्यात येऊ दिलं नाही, आणि जास्त पगार त्याच खात्यात होता. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उभा केला. भांडवल, यंत्र, जात, फुप्फुसात जाणारी कापसाची धूळ, हे सगळं ओठाएवढ्या जागेत एकत्र आलं आहे. झोलाला टेकू सापडला तसा आपल्याला हा धोटा सापडला होता. त्याच्याभोवती उभी राहिलेली मोठी कादंबरी मराठीत मी अजून वाचलेली नाही.

आपल्याकडे कस होता, पण तो दुसऱ्या रूपांत गेला. नारायण सुर्व्यांच्या कवितेत कामगार स्वतःच्या आवाजात बोलला. अण्णा भाऊ साठ्यांच्या 'स्मशानातील सोनं' या कथेत खाण बंद पडून बेकार झालेला भीमा मढ्यांच्या राखेत सोनं शोधतो, एका प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात, कापावी लागतात, आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. दगड फोडायला लागणारी बोटं आता नाहीत. १० सांतीमइतकाच निष्ठुर हा हिशेब आहे. जयंत पवारांनी १९८२ च्या गिरणी संपानंतरची वाताहत 'अधांतर' नाटकात अशी उभी केली की ती चार भिंतींची खोली मराठी रंगभूमीवरून पुसली जाणार नाही. कादंबरीत भाऊ पाध्यांसारखे थोडे अपवाद सोडले तर कामगार येतो तो चाळीतला शेजारी म्हणून, बेकार पोराचा बाप म्हणून, आठवण म्हणून. तो सकाळी डबा घेऊन जातो आणि संध्याकाळी परत येतो. मधले आठ तास पानावर येत नाहीत.

याची एक खूण मला घरातच सापडली. माझे मामा परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. साच्यांच्या खडखडाटानं ऐकू कमी यायचं, त्यामुळे घरातही मोठ्यानं आणि हातवारे करून बोलत. संपाबद्दल विचारलं की रात्र सरायची. सभा, मोर्चे, गावाला गेलेली बिऱ्हाडं, कोण फुटला, कोण टिकला. पण मामा, तुम्ही नेमकं काय काम करायचा, असं विचारलं की एकच वाक्य यायचं, साचे चालवायचो. एकदा फारच मागे लागलो तेव्हा ते उठले, दोन्ही हात पुढे केले आणि तुटलेला धागा कसा गाठायचा ते हवेतच करून दाखवलं. अंगठा नि तर्जनी इतक्या चपळाईनं फिरली की मला काही कळलं नाही. पुन्हा दाखवा म्हटलं. त्यांनी पुन्हा दाखवलं, तेवढ्याच वेगानं. हळू त्यांना करताच येत नव्हतं. संप सांगता येत होता, काम हातातच राहिलं. आमची कादंबरीही मामांसारखीच संप सांगत राहिली. तो हवेतला धागा उतरवून घेण्याचं काम लेखकाचं होतं, आणि त्यासाठी त्यानं फाटकाच्या आत जायला हवं होतं.

आता ती फाटकं मोडून तिथं टॉवर झाले. पण काम संपलेलं नाही. बीडहून दरवर्षी ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजतात. दोन माणसं, चार हात, हिशेबाच्या वहीत एक अवजार. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. एक दिवस आजारपणात गेला तरी खाड्याचे पैसे कापतात. हा खाडा पडू नये म्हणून, पाळीचा नि दुखण्याचा व्याप कायमचा संपावा म्हणून, कमी वयात गर्भाशय काढून घेतलेल्या बायका या पट्ट्यात आहेत. याच्या बातम्या झाल्या, समित्या झाल्या, अहवाल आले.

कादंबरीकाराला त्या फडात हंगामभर राहावं लागेल. बाई पहाटे कितीला उठते, वाढे कोण बांधतं, मोळी किती वजनाची, गाडी रात्री दोनला आली तर लेकरू कुणापाशी ठेवून ती उठते, डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढताना पाऊल कुठं टाकते. आणि पट्टी पडते त्या दिवशी मुकादमाच्या वहीत तिच्या नावापुढे काय लिहिलेलं असतं, की तिचं नावच नसतं.