अंगावर घेणारा

कादंबरीत सज्जन माणूस रंगवणे किती अवघड असते, हे ज्याने तो उद्योग केला आहे त्यालाच ठाऊक. खलपुरुष आपल्या पायांनी चालतो. सज्जनाला लेखकाने सारखे पाठीमागून ढकलावे लागते. त्यातही भावंडांसाठी शिक्षण सोडणारा, घरावर आलेले प्रत्येक संकट छातीवर झेलणारा जो थोरला भाऊ, तो तर आम्हा लेखकांच्या हातून हमखास लाकडी होतो. वाचक त्याच्यासाठी दोन अश्रू ढाळतात आणि लोभ मात्र करतात धाकट्या, उनाड भावावर. असे असताना जगभरची कितीतरी मुले, आणि चांगली संसाराला लागलेली माणसेही, रात्री संगणकापुढे बसून स्वखुशीने हा थोरला भाऊ व्हायला निघतात, याचे मला मोठे नवल वाटले. आणि नाटक-कादंबरीकडे पाहतो तितक्याच आस्थेने या खेळांकडे पाहावे, असे मनाने घेतले. दिवाळी अंकात हा विषय पाहून कुणाच्या भिवया उंचावतील. त्यांनी चकलीचा तुकडा मोडून तोंडात टाकावा आणि पुढे वाचावे.

हे खेळ एकट्याने खेळायचे नव्हेत. निरनिराळ्या गावी, निरनिराळ्या देशी बसलेली माणसे इंटरनेटवरून एका टोळीत सामील होतात आणि एकमेकांशी बोलत लढतात. २००४ साली ब्लिझार्ड या अमेरिकन कंपनीने काढलेला ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा यांतला फार गाजलेला खेळ. त्यात भुयारात उतरणारी नेहमीची टोळी पाच जणांची. तिघे वार करणारे, एक हीलर, म्हणजे जखमा भरून काढणारा, आणि एक टँक. नाव रणगाड्याचे असले तरी याची तोफ लहानच. याचे खरे काम मार खाण्याचे. राक्षस कुणावर धावून जाणार, हे त्याच्या मनात साचलेल्या रागाच्या हिशेबावर ठरते. जो अधिक दुखवील त्याच्यावर राग अधिक. टँकला मात्र अशा युक्त्या दिलेल्या असतात की, थोड्या वारांत तो पुष्कळ राग ओढवून घेतो. आणि राक्षसाची नजर दुसरीकडे वळलीच, तर त्याला डिवचून ती पुन्हा आपल्याकडे फिरवतो. याला खेळणारे ‘अ‍ॅग्रो’ धरणे म्हणतात. मला यात परके काही वाटले नाही. मागच्या बाकावर धुमसणारे भांडण आपल्या अंगावर ओढून घेणे, हे काम मी सातवीच्या वर्गात कितीतरी वर्षे करीत आले आहे.

या खेळाच्या पहिल्या काळात ओनिक्सिया नावाच्या ड्रॅगनच्या मादीशी चाळीस-चाळीस माणसे लढत. तिच्या तोंडासमोर उभे राहावे तर ज्वाळा, शेपटामागे उभे राहावे तर तडाखा. म्हणून टँकने एकट्याने पुढे जाऊन तिचे तोंड गुहेच्या भिंतीकडे वळवायचे आणि बाकीच्यांनी तिच्या कुशीला उभे राहायचे. प्रारंभी सर्वांनी हात आवरून धरायचे. टँकवर तिचा राग पुरेसा जमल्याखेरीज कुणी जोराचा वार केला, तर ती गर्रकन त्याच्याकडे वळणार. एकोणचाळीस उतावळे हात एका माणसासाठी थांबले आहेत, या थांबण्याची गोडी मला समजते. गंमत अशी की, या सगळ्यांत शूर म्हणवणाऱ्या गड्याला त्या भव्य देखाव्यातले काहीच दिसत नाही. त्याच्या पडद्यावर असतो फक्त तिचा पंजा, आणि जमले तर गुडघा.

याला त्याग म्हणावे काय? पुष्कळ खेळाडू म्हणतात. मला ते पटत नाही. बाजीप्रभूंचे नाव तर या संदर्भात कुणी घेऊच नये. १६६० साली खिंडीत पडलेला माणूस परत उठला नाही, आणि हे गडी मिनिटाभरात पुन्हा उभे राहतात. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला चेतेश्वर पुजाराने कितीतरी चेंडू अंगावर घेत २११ चेंडूंत ५६ धावा केल्या आणि पुढे पंतने सामना जिंकून दिला. काम टँकचेच, पण पुजाराचे अंग खरोखर दुखले. संगणकापुढे काही दुखत नाही. तेव्हा गोडी त्यागाची नाही, ती कर्तेपणाची आहे. भुयारात पुढे कधी पाऊल टाकायचे, कोणत्या राक्षसाला कोपऱ्यात ओढायचे, कुठे क्षणभर थांबायचे, हे टँक ठरवतो आणि टोळी त्याच्या पाठीमागून चालते. आमच्या कथा-कादंबऱ्यांनी थोरल्या भावाचे सोसणे तेवढे दाखवले. त्या सोसण्याबरोबर घरावर चालणारी त्याची सत्ता, आणि त्या सत्तेचे सुख, झाकून ठेवले. खेळाने ते उघडे केले, याबद्दल मी त्याची ऋणी आहे. कर्त्याची दुसरी बाजूही त्याने लपवलेली नाही. मागे उभ्या असलेल्या हीलरने हात आखडला, तर मोठ्या लढाईत टँक पाहता पाहता कोसळतो. त्याचा सारा पराक्रम दुसऱ्या कुणी तरी घातलेल्या टाक्यांवर उभा असतो. घरोघरी ते टाके कोण घालते, हे वाचकांना सांगायला नको.

आता एवढी गोडी असूनही टँक व्हायला माणसे सदैव कमी पडतात. डिसेंबर २००९ मध्ये या खेळाने अनोळखी माणसांची टोळी आपोआप जुळवून देण्याची सोय केली, तेव्हा हे उघड झाले. वार करणाऱ्यांनी ताटकळत बसावे आणि टँकला मात्र दार लगेच उघडावे, असे होऊ लागले. शेवटी २०११ मध्ये कंपनीने, ज्या कामाला माणूस कमी ते पत्करील त्याला जादा बक्षिसाची थैली देऊ केली. कारण सरळ आहे. तिघांपैकी एकाचा वार चुकला तर कुणाला कळतही नाही; टँक चुकला तर सगळी टोळी मरते आणि बोट त्याच्याकडे जाते. माराला कुणी भीत नाही, माणसे भितात ती बोलण्याला.

याच कंपनीचा २०१६ मधला ‘ओव्हरवॉच’ मला कलाकृती म्हणून अधिक खरा वाटतो. तिथे समोरच्या टोळीतही माणसेच असतात, आणि माणसाला डिवचून ‘माझ्याकडेच पाहा’ असे भाग पाडता येत नाही. म्हणून तिथला टँक राइनहार्ट, साठी ओलांडलेला चिलखती जर्मन योद्धा, एक प्रचंड निळी ढाल उभारतो. ढाल धरली की हातातला घण चालत नाही. घण चालवला की ढाल राहत नाही. शिवाय इतरांनी ढालीच्या मागे उभे राहिले पाहिजे, आणि ते बहुधा राहत नाहीत. कुणाला वाचवायचे तर त्याची संमती लागते, ही गोष्ट वॉरक्राफ्टच्या राक्षसांना कधी शिकवता आली नसती.

राइनहार्टजवळ आणखी एक शक्ती आहे, मुसंडी मारण्याची. ढाल टाकून तो सुसाट पुढे धावतो आणि शत्रूला भिंतीवर चिरडतो. पाठीमागे टोळी उघडी पडते. नवखे खेळाडू या मोहाला हमखास बळी पडतात. २०१७ मध्ये कंपनीने त्याच्या तारुण्यावर एक छोटा चित्रपट काढला. त्यातही तरुण राइनहार्ट कीर्तीच्या हव्यासाने साथीदारांना सोडून धावत सुटतो, आणि त्याची किंमत त्याचा नायक बाल्डरिख मोजतो. चित्रपट थोडा भाबडा आहे, संगीत गरजेपेक्षा जास्त रडते. पण खेळणाऱ्याच्या बोटांना रोज होणारा मोह त्यांनी कथेच्या गाभ्यात बसवला, हे कसब आम्हा कादंबरीकारांनी पाहून ठेवण्यासारखे आहे.

२०२२ च्या नव्या आवृत्तीत टोळी सहावरून पाचावर आली आणि दोन टँकांच्या जागी एक उरला. मला हा बदल रुचला नाही. दोघे होते तेव्हा एक ढाल धरी आणि दुसरा थोडे धाडस करी. बोलणीही दोघांत वाटली जात.

पण माझी मोठी तक्रार वेगळी आहे. सामना संपल्यावर हा खेळ त्यातला सर्वोत्तम प्रसंग निवडून सर्वांना पुन्हा दाखवतो. पहिल्या आवृत्तीत अडवलेल्या वारांचा आकडा कधी कधी शेवटच्या पत्त्यावर झळके खरा. परंतु तो प्रसंग निवडताना खेळाची नजर बहुतेक वेळा मारणाऱ्यावरच जाते. एखादा चपळ तरुण तीन-चार जणांना लोळवताना दिसतो, सगळे वाहवा करतात; आणि ज्या ढालीआडून तो बाहेर पडला, ती पडद्याच्या कडेला अर्धी कापलेली असते.