जुनेर, कागद आणि आकाशकंदील

घरातील जुनी सुती लुगडी एकावर एक अंथरून त्यांवर धावदोऱ्याचे टाके घालून शिवलेली गोधडी महाराष्ट्रात दीर्घकाळ गरजेची वस्तू मानली गेली, कला म्हणून तिच्याकडे क्वचितच पाहिले गेले, आणि दुलया व ब्लँकेटे स्वस्त झाल्यावर तिच्याबरोबर तिचे कसबही घराघरांतून मागे पडत गेले. अमेरिकेतील आपल्या मराठी मंडळात मात्र ते टिकले आणि एका परक्या पद्धतीशी जोडले जाऊन नव्याने वाढीस लागले, याचा सभासदांना वाटणारा अभिमान सर्वथा रास्त आहे. येथे विचार करायचा आहे तो मंडळाच्या गोधडी गटाने स्वतः रचलेल्या ‘आकाशकंदील’ या ब्लॉकचा. ब्लॉक म्हणजे गोधडीच्या दर्शनी भागाचा स्वतंत्रपणे शिवून मग इतरांना जोडला जाणारा घटक.

हा ब्लॉक ज्या परक्या पद्धतीने शिवला जातो ती, कागदाच्या आधाराने कापडाचे तुकडे जोडण्याची पद्धत, म्हणजे पेपर पीसिंग, मूळची इंग्लंड-अमेरिकेतील आहे. तिच्या जुन्या प्रकारात कागदाच्या कापलेल्या आकृतीवर कापड दुमडून टाचतात आणि अशा आकृतींच्या कडा हाताने एकमेकींना शिवतात. इंग्लंडमधील क्विल्टर्स गिल्डच्या संग्रहात 1718 हे साल शिवलेले रेशमी पांघरूण आहे आणि त्याच्या आत असे कागद अजून शिल्लक आहेत. गटाने स्वीकारलेला प्रकार वेगळा आहे. त्यात संपूर्ण आकृती एका कागदावर रेखून प्रत्येक भागाला क्रमांक देतात, कापड कागदाच्या मागील बाजूस ठेवतात आणि शिलाई पुढील बाजूने, रेघेवरूनच, यंत्रावर मारतात. टाका सुमारे दीड मिलिमीटर इतका बारीक ठेवून 14 नंबरची सुई वापरली, तर कागदाला लागोलाग छिद्रे पडतात आणि काम संपल्यावर तो टपाल तिकिटांच्या कागदासारखा अलगद फाटून निघतो.

ही पद्धत गोधडीला मानवण्याचे कारण कापडात आहे. जुनेर, म्हणजे वापरून झिरझिरीत झालेले लुगडे, उरेब कापले की ताणते आणि त्याचा त्रिकोण शिवेपर्यंत त्रिकोण राहत नाही. कागद त्याला शिलाई पूर्ण होईपर्यंत धरून ठेवतो. त्यामुळे जे कापड एरवी थरांच्या आत दडवावे लागले असते, तेच दर्शनी भागात नेमक्या टोकांसह मिरवता येते.

‘आकाशकंदील’ 6 इंच रुंद व 10 इंच उंच असून त्याचे तीन विभाग आहेत. वरच्या विभागात दोरीची एक अरुंद पट्टी व दोन्ही अंगांना आकाश, असे 3 तुकडे आहेत. मधल्या विभागात 3 इंचांचा चौरस हा पहिला तुकडा, त्याच्या चार बाजूंना कंदिलाचे चार त्रिकोण आणि त्यांबाहेर आकाशाचे चार, असे 9 तुकडे आहेत. खालच्या विभागात झिरमिळ्या आहेत. आरंभीच्या आराखड्यात पाच झिरमिळ्या एकाच टोकातून फाकत होत्या, परंतु तेथे इतक्या शिवणी एकत्र आल्या की कापडाची गाठ बनून सुई अडू लागली, म्हणून झिरमिळ्या तीनच ठेवून त्यांची वरची टोके बोथट करण्यात आली. शिवणीत सोडायची पाव इंच माया किंचित जास्त घेतली गेली तरी कंदिलाचे टोक छाटले जाते. शिवाय कागदावरील आकृती कापडावर उलटी उमटते. कंदील दोन्ही अंगांनी सारखा असल्याने ते जाणवत नाही, पण ‘श्री’सारखे अक्षर रेखताना हे भान सुटून चालत नाही.

आराखड्याचा प्रत्येक कागद हाताने रेखून नव्या सभासदांना देणाऱ्या संयोजिका आणि घरोघरी फिरून जुनेर गोळा करणाऱ्या, ते धुऊन, इस्त्री करून, रंगवार लावणाऱ्या भगिनी यांच्या ऋणातून मंडळाला कधीही उतराई होता येणार नाही. त्यांच्याइतके निरलस कार्यकर्ते कोणत्याही संस्थेला भाग्यानेच लाभतात.

या परिश्रमांचे चीज मागील गणेशोत्सवात झाले. मखराशेजारी या ब्लॉकची गोधडी उभी टांगण्यात आली, तेव्हा गडद निळ्या आकाशात कंदिलांच्या रांगा दिसत होत्या. मधल्या चौरसांत कोठे खण, कोठे इरकलीचा काठ, कोठे विटलेल्या पातळाची बारीक फुले होती. आरतीनंतर भारतातून मुलांकडे आलेल्या ज्येष्ठ स्त्रिया तिच्याजवळ गेल्या, आणि त्यांनी दर्शनी नक्षीकडे फारसे न पाहता प्रथम गोधडीची कड उलटून मागचे टाके तपासले, काठावरचा धावदोरा बोटाने चाचपला आणि कोणते लुगडे कोणत्या पेठेतले असावे यावर त्यांची चर्चा रंगली. या कामाला याहून मोठी दाद मिळू शकली नसती.

तरीही तडजोडींची नोंद करणे आवश्यक आहे. आकाशासाठी पुरेसे गडद जुनेर न मिळाल्याने त्याचे कापड दुकानातून विकत घेतले गेले आणि आत लुगड्यांच्या थरांऐवजी पॉलिएस्टरचा भराव घातला गेला. परदेशातील परिस्थितीत या दोन्ही गोष्टी क्षम्य आहेत. मधले टाके मात्र यंत्राने घालून हातचा धावदोरा काठापुरताच उरला, हे क्षम्य मानता येत नाही, कारण धावदोरा हेच गोधडीचे मर्म आहे.

याहून मोठी चिंता तरुणांविषयी आहे. मंडळातील मुले संगणकावर उत्कृष्ट आराखडे काढतात आणि तुकड्यांना क्रमांकही संगणकच देतो. परंतु चौथ्या तुकड्याआधी तिसराच का शिवावा लागतो, प्रत्येक नवी शिवण आधीच्या तुकड्यांना सरळ ओलांडून का गेली पाहिजे, हे शिवायला बसल्यावाचून उमगत नाही. शनिवारी मुलांना सॉकरच्या सरावाला नेमाने पोहोचवणाऱ्या पालकांनी महिन्यातील एक दुपार या कामासाठी राखली पाहिजे, आणि मुलांना दारात सोडून न जाता स्वतःही सुई हाती घेतली पाहिजे.

पुढील गोधडीसाठी तुळशीवृंदावनाचा आराखडा तयार होत असून त्यात आतील थर लुगड्यांचेच ठेवावेत असा आग्रह आहे. त्यासाठी धुतलेली सुती लुगडी, विशेषतः हिरवी व विटकरी, हवी आहेत. रेशीम सुईखाली सरकते व त्याला मागून चिकट अस्तर लावावे लागते, म्हणून ते या खेपेस देऊ नये, आणि फॉल काढूनच लुगडे द्यावे.