किकऑफ बदलला, बिघडला नाही

एनएफएलच्या नव्या किकऑफवर ‘हा फुटबॉलच नव्हे’ म्हणणारे चाहते तुम्हालाही भेटले असतील. त्यांना आठवण करून द्या: फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये १३ किकऑफ झाले आणि एकही चेंडू परत पळवला गेला नाही. जुन्या किकऑफमधला जीव तेव्हाच गेला होता.

२०२४ च्या हंगामापासून किकर सोडून त्याचे दहाही साथीदार प्रतिस्पर्ध्याच्या ४० यार्डांच्या रेषेवर उभे राहतात आणि चेंडू खाली पडेपर्यंत किंवा झेलला जाईपर्यंत हलत नाहीत. त्यामुळे लांबून भरधाव येऊन आदळणं कमी होतं. खेळाडूंच्या मेंदूच्या मोलानं थरार मागायचा हक्क सोफ्यावर बसलेल्या आपल्याला नाही.

मात्र चाहत्यांची एक तक्रार रास्त आहे. फेब्रुवारी २०१० च्या सुपर बोलमध्ये पिछाडीवरच्या सेंट्सनी उत्तरार्धाची सुरुवातच अचानक ऑनसाइड किकने केली, चेंडू मिळवला आणि पुढे सामनाही जिंकला. आता ऑनसाइड किक आधी जाहीर करावी लागते. सांगून केलेल्या हल्ल्याला गनिमी कावा कोण म्हणेल? सुरक्षितता राहू द्या. पण चकवा देण्याची वाटही शोधा.