भीमाची बोटे

बी.एड. करताना 'टाकाऊतून टिकाऊ' साहित्य कसे करावे हे आम्ही शिकलो. तळोजात उर्दू माध्यमाच्या वर्गावर ते कामी आले. एका मुलाने भंगारातल्या मोटरीचा पंखा केला, तेव्हा मी सर्वांसमोर त्याची तारीफ केली. पुढे तो शाळेत येईनासा झाला. औद्योगिक वसाहतीतले भंगार निवडण्यातच त्याचा दिवस जाऊ लागला. तेव्हापासून अण्णा भाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा मी निराळ्या नजरेने वाचतो.

कथेतला भीमा पोटासाठी मुंबईत येतो आणि उपनगरातल्या खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते. चितेच्या राखेत त्याला सोने सापडते आणि तो राख चाळू लागतो, पुढे पुरलेली प्रेतेही उकरतो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात. दोन बोटे कायमची जातात आणि त्याच वेळी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. पहाड फोडणारा हा गडी लहान मुलासारखा रडतो.

भीमाच्या जिद्दीची कथा म्हणून तिचे कौतुक करता येईल, पण ते अपुरे ठरेल. भीमाकडे हुनर आहे, हिंमतही आहे. त्या बळावर तो घर जगवतो. परंतु त्याची किंमत तो ज्या हातांनी मोजतो, तेच त्याचे खरे भांडवल होते. शेवटचा योगायोग कुणाला ओढूनताणून आणलेला वाटेल. मला तसे वाटत नाही. खाण बंद करणारे आणि उघडणारे दुसरेच असतात, मजुराला फक्त बातमी कळते. मधले दिवस त्याने कसे काढायचे, हा कथेचा खरा सवाल आहे. तिथे भीमा एकटा आहे.

अण्णा भाऊ स्वतः एकटे नव्हते. शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेला हा माणूस वाटेगावहून मुंबईत आला, तो कामगारांत मिसळला. शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत 1944 मध्ये त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. हाताशी असलेला तमाशाच त्यांनी बदलून घेतला. गणातल्या गणेशवंदनेच्या जागी मातृभूमी आणि हुतात्मे आले. जुन्या वस्तूचा नवा उपयोग हाही जुगाडच, पण त्यामागे चार सोबती होते आणि समोर हजारो श्रोते होते.

गरिबाच्या कल्पकतेची वाहवा करणे सोपे असते, कारण त्यानंतर आपल्याला काही करावे लागत नाही. मीही पंख्याला टाळ्या वाजवून मोकळा झालो होतो. त्या मुलाच्या घरी जायला मात्र मला तीन महिने लागले. हुनर माणसाला तगवते खरे, पण बोटे शाबूत राहायची तर कुणीतरी वेळेवर हात धरावा लागतो.