वीरांगनांचीं बालचरित्रें

जिजाबाई, चांदबिबी, ताराबाई, अहिल्याबाई, झांशीची लक्ष्मीबाई यांचीं लहान लहान चरित्रें मराठींत आजवर पुष्कळ निघालीं आहेत. शाळांच्या बक्षीससमारंभांत तीं वांटलीं जातात, आणि शहागंजासारख्या जुन्या पेठेंतील मुलांच्याही हातीं तीं पडतात. त्यांच्या संख्येविषयीं कोणाची तक्रार असणार नाहीं. परंतु शौर्य म्हणजे काय, हें तीं मुलांस कसें सांगतात, याची तपासणी मात्र क्वचितच होते.

बहुतेकांचा सांचा ठरलेला आहे. नायिका बाळपणींच घोड्यावर बसते, तलवार फिरविते. मग संकट, लढाई, आणि शेवटीं तात्पर्य. तिची परमावधीची स्तुति करावयाची म्हणजे ती पुरुषासारखी लढली असें म्हणावयाचें! ज्या मुलीसाठीं पुस्तक लिहिलें, तिलाच शौर्य हा उसना दागिना आहे असें शिकविण्याचा हा प्रकार होय.

चांदबिबीचेंच उदाहरण घ्या. १५९५ च्या अखेरीस शहाजादा मुराद याच्या मोंगल फौजेनें अहमदनगरच्या किल्ल्यास वेढा घातला. सुरुंगानें तट फुटला, तेव्हां तिनें स्वतः उभें राहून रातोरात खिंडार बुजवून घेतलें. प्रसंग चित्तथरारक खरा; पण बालचरित्र बहुधा येथेंच विसावतें. पुढें १५९६ मध्यें वऱ्हाड देऊन तिनें तह केला व राजधानी वांचविली. १६०० मध्यें पुन्हां वेढा पडला असतां ती तडजोडीच्या विचारांत होती, तेव्हां फितुरीच्या संशयावरून तिच्याच लोकांनीं तिला ठार मारलें, आणि लौकरच किल्लाही पडला. लढावें केव्हां आणि थांबावें केव्हां हें ओळखणें, व लोकांचा रोष पत्करून तसें वागणें, हें तट बुजविण्याहून अवघड धैर्य आहे. नेमकें तेंच गाळलें जातें. शहागंजच्या मुलास तर ही कथा परकी नाहीं: त्या राज्याचा ढांसळता डोलारा ज्या मलिक अंबरानें सांवरला, त्यानेंच १६१० मध्यें खडकी, म्हणजे आजचें छत्रपती संभाजीनगर, वसविलें.

ताराबाईचीही गत तीच. १७०० ते १७०७ पर्यंत औरंगजेबाशीं तिनें दिलेली झुंज रंगवून सांगतात. परंतु १७१४ मध्यें घरांतच झालेली उलथापालथ, तिची कैद, आणि १७६१ पर्यंतचें तिचें दीर्घ, हट्टी राजकारण यांचा उच्चार नसतो. जणूं मोठ्या माणसानें चुकणें वा म्हातारें होणें हा मुलांपासून लपविण्याचा विषय आहे!

मुलांस लढाई आवडते, हा आक्षेप अगदींच खोटा नव्हे. पण मुलांस अन्यायही लौकर कळतो. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार करणाऱ्या अहिल्याबाईनें पति, सासरा व पुत्र यांच्यामागें जवळजवळ तीस वर्षें राज्य नीट चालविलें, यांत रोमांच कमी नाहीं. तो दाखविण्याची हातोटी मात्र लेखकापाशीं हवी.

आणि वीरता केवळ राण्यांच्याच वांट्याची कां असावी? हैदराबाद मुक्तिसंग्रामांत धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांनीं हातीं शस्त्र घेतलें. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाची राजवट संपली. अशा साध्या शेतकरी घरांतील स्त्रियांनीं त्यासाठीं काय सोसलें, हें मराठवाड्यांतील मुलांस राणीच्या चरित्राइतक्याच आवडीनें वाचावयास मिळालें पाहिजे. राणीचें शौर्य दुरून वंद्य वाटतें; शेजारच्या गांवच्या बाईचें शौर्य आपल्यासही जमेल असें वाटतें.

म्हणून नव्या लेखकांस आमची सूचना एवढीच, कीं मुलांच्या बुद्धीवर थोडा अधिक विश्वास टाकावा. पराभव, तह, संशय आणि एकाकीपण यांसकट जी नायिका त्यांच्यापुढें उभी राहील, ती पूजेसाठीं देव्हाऱ्यांत बसणार नाहीं. अडचणीच्या वेळीं मुलींस तिची आठवण होईल. बालवाङ्मयास याहून मोठें यश कोणतें?