छायाचित्रातील रचना आणि मर्ढेकरांचे लयतत्त्व

चित्रकार कोऱ्या फलकापासून आरंभ करतो. छायाचित्रकारापुढे जग आधीच गच्च भरलेले असते. पहिल्याला काय आणावे हे ठरवावयाचे असते, दुसऱ्याला काय वगळावे हे. असे असता दोघांच्याही कृतीसंबंधी ‘रचना’ हा एकच शब्द सर्रास योजला जातो, आणि चित्राच्या रचनेचे नियम छायाचित्रालाही जसेच्या तसे लागू पडतात असे मानले जाते. ही समजूत कितपत टिकते हे पाहण्यास मराठी समीक्षेत एक चांगले साधन उपलब्ध आहे. ते म्हणजे बा. सी. मर्ढेकरांचे लयतत्त्व.

‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथातून सर्वपरिचित झालेली मर्ढेकरांची भूमिका थोडक्यात अशी : कलाकृतीचे सौंदर्य तिच्या माध्यमाच्या घटकांमधील संबंधांत वसते, आणि हे संबंध संवाद, विरोध व समतोल या तीन तत्त्वांनी बांधलेले असतात. चित्रात रंग व रेषा यांची, संगीतात स्वरांची अशी लय सिद्ध होते. चित्रात कोणती वस्तू रेखाटली आहे, हा प्रश्न या भूमिकेतून गौण ठरतो.

फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९३२ साली पॅरिसमधील साँ-लाझार स्थानकामागे टिपलेले छायाचित्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. एक मनुष्य साचलेल्या पाण्यावरून उडी घेत आहे. त्याची टाच पाण्याला टेकण्याच्या बेतात आहे. खाली त्याचे प्रतिबिंब आहे, आणि मागील भिंतीवरच्या भित्तिपत्रकात एक नर्तनाकृती तशीच झेपावलेली आहे. हा संवाद. निश्चल पाणी आणि वेगवान देह यांच्यात विरोध आहे. पाण्यात पडलेली शिडी व अर्धवट बुडालेली कडी यांच्यामुळे उजवीकडे झुकलेल्या आकृतीचा तोल राखला जातो. कार्तिए-ब्रेसाँ यांनी आंद्रे ल्होत या चित्रकाराच्या कलाशाळेत शिक्षण घेतले होते. भूमितीचे ते भान येथे स्पष्ट दिसते. येथवर मर्ढेकरांचे तत्त्व निरपवादपणे लागू पडते.

परंतु हेच दृश्य एखाद्या चित्रकाराने रंगविले आहे अशी कल्पना करावी. रेषा त्याच, छायाप्रकाशही तोच. तरीही भिंतीवरची ती नर्तनाकृती आता किंचित खटकू लागते. चित्रकाराने ती मुद्दाम तेथे ठेवली, हा संवाद फार सहज साधला, असे वाटते. छायाचित्रात मात्र तोच संवाद विस्मयकारक ठरतो, कारण तो कोणी मांडलेला नाही. तो घडला आणि कोणीतरी तो ओळखला. घटकांचे दृश्य संबंध तेच राहूनही त्यांचे मोल पालटते, ही गोष्ट केवळ रेषा आणि छटा यांच्या हिशेबाने उलगडत नाही.

छायाचित्रणाच्या आरंभकाळातील एका प्रसंगावरूनही हेच दिसून येते. हेन्री पीच रॉबिन्सन यांनी १८५८ साली पाच निगेटिव्ह जोडून ‘फेडिंग अवे’ हे चित्र सिद्ध केले. मरणोन्मुख मुलगी, तिच्याजवळ दोन स्त्रिया, खिडकीशी पाठमोरा उभा पुरुष : रचना सर्वस्वी चित्रकलेच्या नियमांनुसार होती. मृत्युशय्येची चित्रे त्या काळी लोकांना अपरिचित नव्हती. तथापि छायाचित्रातून असे दुःख दाखविणे अनेक समकालीनांना असह्य वाटले. आणि ती मुलगी आजारी नसून केवळ नमुना म्हणून बसविलेली होती, हे समजल्यावरही अस्वस्थता उरलीच. प्रेक्षक रचनेबरोबर आणखी काहीतरी पाहत होते.

यावर असा आक्षेप संभवतो की, ‘हे खरोखर घडले’ ही जाणीव केवळ लौकिक कुतूहल आहे. सौंदर्याशी तिचा संबंध नाही. या आक्षेपाचे उत्तर मर्ढेकरांच्याच विचारात सापडते. साहित्याकडे वळताना शब्दांचा नाद हेच साहित्याचे माध्यम असे मानून ते थांबले नाहीत. शब्दांचे भावनात्मक अर्थ हे त्यांनी साहित्याचे माध्यम मानले आणि त्या अर्थांमधील लय शोधली. अर्थात, माध्यम कोणते हे इंद्रियांना काय जाणवते एवढ्यावरूनच ठरत नाही. हाच न्याय छायाचित्रास लावल्यास त्याचे माध्यम निव्वळ छायाप्रकाश राहत नाही. एका विशिष्ट स्थळी, विशिष्ट क्षणी असलेल्या वस्तूंनी उमटविलेला छायाप्रकाश, हे ते माध्यम होय. छायाचित्रातील लय ही घडलेल्या गोष्टींमधील लय असते.

असे मानल्याने प्रत्येक नोंद कलाकृती ठरत नाही. त्या गल्लीतून दिवसभर माणसे गेली असतील. लय एकाच क्षणी सिद्ध झाली. शिवाय, कोणती ढवळाढवळ रचनेला मारक ठरते हेही यावरून ठरविता येते. कार्तिए-ब्रेसाँ यांनी ते छायाचित्र कुंपणाच्या फटीतून घेतले आणि एरवीच्या आपल्या शिरस्त्याविरुद्ध त्याची कड नंतर कापली. या कापण्याने उरलेल्या वस्तूंचे परस्परसंबंध अबाधित राहिले. रॉबिन्सन यांच्या जोडकामात मात्र ते संबंध प्रथमच निर्माण केले गेले. पहिली कृती निवडीची आहे, दुसरी चित्रकाराची. दुसरी हीन आहे असे नव्हे. पण तिचे मूल्यमापन चित्र म्हणूनच व्हावयास हवे.

हा भेद आज केवळ तात्त्विक राहिलेला नाही. २०२३ साली जर्मन कलावंत बोरिस एल्डागसेन यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने निर्मिलेल्या प्रतिमेस सोनी जागतिक छायाचित्रण स्पर्धेत पारितोषिक जाहीर झाले. अशा प्रतिमांची छायाचित्रांशी स्पर्धा होऊ नये, असे सांगून त्यांनी ते नाकारले. त्या प्रतिमेत संवाद, विरोध, समतोल यांपैकी कशाचीही उणीव नव्हती. लय केवळ दृश्य घटकांत पाहणाऱ्यास हा नकार अनाकलनीय वाटेल. माध्यमाचा विचार मर्ढेकरांनी साहित्यापुरता जितक्या दूरवर नेला तितका छायाचित्राबाबतही नेला, तर त्या नकाराचे मर्म स्पष्ट होते, आणि मर्ढेकरांचे लयतत्त्वही न मोडता अधिक व्यापक होते.